उपवास पाळला: होय

"एवढं लांबलचक कोण वाचणार, हेमांगी? एका शब्दात नाही का सांगता येत?"

डॉ. माधुरी सोवनींनी कागद परत सरकवला आणि हेमांगी पिसाळ मनातल्या मनात खूश झाली. अशा मागणीची ती वाटच बघत असायची. वाईबाहेर पाचवडच्या रस्त्यावर आतड्याच्या आजारांचं संशोधन केंद्र उभं राहिलं, तेव्हापासून, म्हणजे २०३८ सालापासून, ती तिथं नोकरीला होती. परदेशातून आलेले इंग्रजी कागद रुग्णांना कळतील अशा मराठीत उतरवायचे आणि मग त्यांच्याजवळ बसून ते समजावून सांगायचे, हे तिचं काम. शब्दांच्या बाबतीत तिला स्वतःचा थोडा गर्वच होता. 'बायोप्सी'ला तिनं 'चिमूटभर तुकड्याची तपासणी' केलं होतं आणि भल्याभल्या घाबरट आज्जीबाई हसत सही करून गेल्या होत्या.

या वेळी तिनं लिहिलं होतं, 'गोळीच्या दिवशी प्रथिनवर्ज्य काळ पाळावा.' खाली यादी होती: डाळी, अंडी, मांस, मासे, दूध, दाणे.

"प्रथिनवर्ज्य!" सोवनी म्हणाल्या. "माझ्या आईला हे औषधाचं नाव वाटेल."

"मग 'उपवास' लिहू?" हेमांगी म्हणाली. "इंग्रजीतही तोच शब्द आहे. आणि गोळीचे वार सोमवार आणि गुरुवार ठेवले, तर निम्म्या तालुक्याला वेगळं काही सांगायलाच नको."

सोवनींनी टेबलावर थाप मारली. "वा! अगं, मी स्वतः सोमवार करते. आणि ती यादी काढून टाक. उपवासाला डाळ-अंडी कोण खातंय?"

हेमांगीनं यादीवर रेघ मारली. सहा शब्दांवर एक रेघ. दोघी हुशार, दोघी याच मातीतल्या, आणि दोघींपैकी एकीलाही त्या यादीतले शेवटचे दोन शब्द पुन्हा वाचावेसे वाटले नाहीत.

गोळीमागचं शास्त्र तसं समजायला सोपं आहे. आपल्या प्रत्येक पेशीत प्रथिनं जुळवणारी लाखो इवलीशी यंत्रं असतात, त्यांना रायबोसोम म्हणतात. जनुकाकडून निरोपाची पट्टी येते, यंत्र त्या पट्टीवरून सरकत जातं आणि एकेक अमिनो आम्ल ओवून प्रथिनाची माळ करतं. निरोगी पेशीत हा वेग सेकंदाला पाच मण्यांच्या आसपास असतो. आतड्याच्या अस्तराचं काम दांडगं. दर चार-पाच दिवसांनी ते सगळं नवं होतं, त्यामुळे तिथली यंत्रं अखंड चालू. काही घराण्यांत मात्र एक जनुक मोडकंच जन्माला येतं. ते जनुक म्हणजे या कारखान्याचा ब्रेक. त्याची उरलेली चांगली प्रत एखाद्या पेशीत बिघडली की ब्रेक सुटतो, वेग सात-आठवर जातो आणि पेशीला वाढायला लागणारा माल हातोहात तयार होऊ लागतो. आतड्यात शेकड्यांनी कोंब उगवतात. त्यांतला एखादा कोंब पुढे कर्करोग होतो, आणि शेकडो असल्यामुळे तो होतोच होतो.

नवी गोळी त्या यंत्रांना थांबवत नव्हती, नुसती रेंगाळायला लावत होती. म्हणून तिचं नाव पडलं 'संथ गोळी'. वेग पाचावर आला की कोंब वाढायचे थांबत. अट एकच होती. पेशी सारखी चाचपत असते, बाहेर अमिनो आम्लं आहेत की नाहीत. जेवणातून प्रथिनं आली की ती यंत्रांना 'चला' म्हणते आणि गोळीची पकड सुटते. म्हणून गोळीनंतर चोवीस तास पोटात प्रथिन जाता कामा नये.

हे मोडकं जनुक पिसाळांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होतं. हेमांगीचे आजोबा त्यानंच गेले, वडील एक्केचाळिसाव्या वर्षी गेले. हेमांगी सुटली. तिचा थोरला भाऊ हणमंत सुटला नाही, आणि त्याची एकुलती मुलगी शर्वरीही सुटली नाही.

हणमंत मंडपाचा कंत्राटदार होता. कोंबांनी भरलेल्या आतड्याचा फोटो सर्जननं दाखवला तेव्हा तो म्हणाला होता, "ही तर आपली लायटिंगची माळ दिसतीय." सर्जन हसला नाही. मोठं आतडं काढून टाकावं, हा खात्रीचा उपाय आहे, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. हणमंत तयारही झाला होता.

अडवलं ते हेमांगीनं. "दादा, धडधाकट माणूस तू. आतडं कशाला कापून घेतोस? आमच्याकडे गोळी आलीय. दोन वर्षं घेऊन तर बघ."

"तू म्हणतीस तर घेतो," हणमंत म्हणाला. वडील गेल्यावर त्यानं हिला शिकवलं होतं, आणि हिच्या शिक्षणावर त्याचा देवासारखा विश्वास होता.

दोन वर्षं कशी गेली कळलं नाही. एकशे अठरा रुग्ण होते. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी रिकाम्या पोटी ते केंद्रात येत, संथ गोळी घेत, सोबत वेग मोजणारी एक कॅप्सूल गिळत. तासाभरात पडद्यावर पाचचा आकडा दिसे. मग कॅप्सूलचं काम संपे आणि मंडळी घरी जात. पुढच्या खेपेला कार्डावर एकच ओळ भरायची असे: 'उपवास पाळला: होय / नाही'. सगळे 'होय'वर खूण करत, आणि खरंच करत. नऊ देशांत हा प्रयोग चालू होता. इतरत्र लोक चुकत, विसरत, खोटं बोलत. वाईच्या रुग्णांनी मात्र शंभरातले अठ्ठ्याण्णव उपवास पाळले. परदेशातून कौतुकाचं पत्र आलं. सोवनींनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "हे श्रेय हेमांगीच्या एका शब्दाचं आहे."

आणि दोन वर्षांनी जे आकडे आले, ते बघून सगळ्यांचे चेहरे उतरले. इतर आठ देशांत कोंब आक्रसले होते. वाईत ते वाढले होते. एकशे अठरांपैकी एकेचाळीस जणांना कर्करोग झाला होता. हणमंतचा तर यकृतापर्यंत पोचला होता.

केंद्राचा अहवाल तयार होऊ लागला. इथल्या लोकांच्या जनुकांतच असं काही असावं, की हे औषध त्यांना लागू पडत नाही, असा निष्कर्ष त्यात होता. कुणाचीच चूक नाही, निसर्गाचीच मर्जी. फक्त पुरावा म्हणून एका रुग्णाचं दिवसभराचं मोजमाप जोडायचं होतं. हणमंत म्हणाला, "माझं घ्या. मला तर आता दुसरं काय काम हाय?"

तो गुरुवार होता. सकाळी सातला हणमंतनं गोळी आणि जास्त काळ टिकणारी कॅप्सूल घेतली. आठ वाजता पडद्यावर पाच. नऊला पाच, दहाला पाच. हेमांगी खाटेशेजारी स्टूल टाकून बसली होती. साडेअकराला सुवर्णावहिनी डबा घेऊन आल्या. भगर, दाण्याची आमटी, वाटीभर दही, दोन शेंगदाण्याचे लाडू. हणमंतची भूक मेली होती, तरी बायकोनं केलंय म्हणून तो हळूहळू जेवला. वहिनी डबा घासायला बाहेर गेल्या.

पाऊण तासानं पडद्यावर सहा दिसलं. हेमांगीला वाटलं, यंत्र चुकतंय. मग सात. मग आठ. गोळी न घेताही हणमंतचा वेग आठ असायचा. आकडा तिथं थांबला नाही. नऊ झाला, आणि दीडच्या सुमाराला अकरा झाला.

नर्सनं केबल काढून पुन्हा लावली. अकराच. हेमांगी त्या आकड्याकडे बघत बसली आणि तिच्या डोक्यात सकाळपासूनचा दिवस उलटा फिरू लागला. दीड वाजता अकरा, साडेबाराला सहा, साडेअकराला डबा. डब्यात काय होतं? उपवासाचं होतं. उपवासाचं म्हणजे काय होतं?

शेंगदाण्यात चौथा हिस्सा प्रथिन असतं, हे तिला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? शाळेत शिकली होती. नुसता साबुदाणा असता, रताळं असतं, तर काही बिघडलं नसतं. पण आपल्याकडे नुसता साबुदाणा कोण खातं? दाण्याच्या कुटाशिवाय खिचडी होते का? एरवी चपाती-भाजीवर भागवणारा माणूस उपवासाला दाणे, दूध, दही, राजगिरा असं चापून खातो, आणि रात्री झोपताना आपण उपाशी होतो या समाधानात झोपतो. इंग्रजी कागदातला शब्द पोट रिकामं ठेवायला सांगत होता. तिचा शब्द बरोब्बर उलटं करायला सांगत होता.

"संथ केलेल्या पेशीत निरोपांच्या पट्ट्या साठून राहतात," सोवनी संध्याकाळी आकडे बघत म्हणाल्या. "पकड मध्येच सुटली की सगळ्या एकदम वाचल्या जातात. म्हणजे गोळी नुसती वाया गेली नाही. आठवड्यातून दोनदा आपण..." वाक्य त्यांनी अर्धंच ठेवलं. मग एकदम म्हणाल्या, "मी तीस वर्षं सोमवार करतेय गं. मला कसं सुचलं नाही?"

"उद्यापासून सगळ्यांची गोळी बंद करा," हेमांगी म्हणाली.

"ती आत्ता बंद करते. पण अहवालाचं काय?" सोवनींनी चष्मा काढला. "हे लिहिलं तर केंद्राला कुलूप लागेल. तुझी आणि माझी चौकशी होईल. जनुकाचं कारण राहू दिलं तर कुणाला काही होत नाही. गेलेलं तर परत येणार नाही, हेमांगी."

"आणि शर्वरी?"

औषध इथल्या लोकांना चालतच नाही, असं एकदा छापून आलं असतं तर ते पुन्हा या भागात आलं नसतं. शर्वरी एकोणीस वर्षांची होती. तिच्या आतड्यात कोंब दिसू लागले होते. आणि ती एकटी नव्हती. एकशे अठरा घरांमागे कितीतरी पोरं होती.

हेमांगीला सगळं लख्ख दिसत होतं आणि तरी खरं कारण परदेशात कळवणारं पत्र लिहायला हात धजेना. चौकशीची तिला भीती नव्हती. भीती होती ती भावाच्या डोळ्यांना डोळे भिडवायची. दुसऱ्या दिवशी ती त्याच्या खाटेजवळ बसली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. ऑपरेशन मी करू दिलं नाही, शब्द मी घातला, यादीवर रेघ मी मारली.

हणमंत उशीला टेकून उठून बसला.

"म्हणजे आमटी?" तो म्हणाला.

"आमटी, दही, लाडू. सगळंच."

"आणि मी म्हणायचो, दोन वारांनी माझं वजन वाढतंय." त्याला हसू आलं आणि लगेच खोकला आला. मग त्यानं तिचा हात धरला. "रडू नगंस, हेमे. मला राग आला न्हाई असं म्हणणार न्हाई. आलाय. पण तुझ्यावर धरून बसायला माझ्याकडं दिवस किती उरल्यात? तू लिही. माझ्या पोरीला गोळी मिळाली पायजे."

"लिहिते, दादा."

"आणि आणखी एक. सुवर्णाला ह्यातलं कायबी कळता कामा नये. ती पुन्हा चुलीपुढं बसायची न्हाई. शपथ घे माझी."

हेमांगीनं शपथ घेतली. त्याच दुपारी तिनं पत्र लिहिलं, इंग्रजीत, स्वतःच्या सहीनं. सोवनींनी ते चारदा वाचलं आणि खाली आपली सही केली. चौकशी झाली, केंद्र सात महिने बंद राहिलं, हेमांगीची पगारवाढ गेली, सोवनींचं पद गेलं. जनुकाचा निष्कर्ष मात्र रद्द झाला. सगळा अहवाल इंग्रजीत होता. रुग्णांना 'काही कारणास्तव औषध थांबवले आहे' एवढंच कळवलं गेलं. अहवालाचं मराठी करायला हवं, असं हेमांगीला कुणी म्हटलं नाही, आणि नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच तिनं एका कागदाचं मराठी केलं नाही. एकशे अठरा स्वयंपाकघरांना खरं कारण ठाऊक नव्हतं आणि ती त्याबद्दल स्वतःशीही बोलत नव्हती.

हणमंत दिवाळीआधी पंधरा दिवस गेला.

पुढच्या वर्षी गोळी परत आली. शर्वरीचं नाव पहिल्या यादीत होतं. नवा कागद हेमांगीनंच लिहिला होता, पण या वेळी तिनं त्यात एकही सुंदर शब्द येऊ दिला नव्हता. काय खायचं नाही याची यादी मोठ्या अक्षरांत, एकाखाली एक. शिवाय चौकशी समितीपुढे तिनं स्वतःच एक नियम सुचवला होता, आणि तो मान्य झाला होता. कागद रुग्णाला वाचून दाखवून भागणार नाही. घरात जी व्यक्ती स्वयंपाक करते तिला तो समोर बसवून वाचून दाखवायचा आणि तिची सही घ्यायची. सहीशिवाय गोळी नाही.

नियम सुचवताना तिला शपथ आठवली नव्हती का? आठवली होती. पण दुसरा कुठलाही नियम पुरेसा नव्हता. तिनं पळवाट शोधून पाहिली. गोळीच्या दिवसांत शर्वरीनं आपल्या घरी राहावं, सही आपण करू, असं तिनं सुचवलं. शर्वरीनं सरळ सांगितलं, "आत्या, आईला एकटी सोडून मी आठवड्यातून दोन दिवस कुठं जाणार?"

म्हणून एका रविवारी सकाळी हेमांगी वहिनींच्या स्वयंपाकघरात पाटावर बसली आणि कागद वाचू लागली. आवाज शक्य तितका सपाट ठेवला. डाळ नाही, अंडी नाहीत, मांस-मासे नाहीत. दूध नाही. दही नाही. राजगिरा नाही. शेंगदाणे कुठल्याच रूपात नाहीत.

सुवर्णावहिनी भाजी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"शेंगदाणे नाहीत?"

"नाहीत."

"मग हे आधीच्या कागदावर का नव्हतं, हेमाताई?"

हेमांगीला खोटं बोलता आलं असतं. औषध बदललंय, असं एक वाक्य पुरलं असतं. वहिनींनी तेही मानलं असतं, हिचं सगळं मानत आल्या होत्या तसं. पण सोमवार-गुरुवारी मुलीचं ताट आता हीच बाई वाढणार होती, आणि यादीतल्या प्रत्येक शब्दाचं वजन तिला कळायलाच हवं होतं.

"होतं," हेमांगी म्हणाली. "मी काढलं. त्याच्याऐवजी उपवास लिहिलं."

वहिनींना जास्त सांगावं लागलं नाही. त्यांनी भाजीचं ताट बाजूला सारलं. बाहेर शर्वरी कुणाशी तरी फोनवर बोलत होती.

"दोन वर्षं," त्या म्हणाल्या. "एकदासुद्धा ह्यांना आग्रह केल्याशिवाय पानावरनं उठू दिलं न्हाई. म्हणायचे, पुरे. मी म्हणायची, उपाशी माणूस तुम्ही, घ्या अजून वाटीभर."

"तुम्ही चुकला नाहीत, वहिनी. कागद चुकला. मी चुकले."

"ह्यांना ठाऊक होतं?"

"शेवटचा दीड महिना. मी सांगितलं होतं. तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती मला."

वहिनींनी मान वर केली. "शेवटी शेवटी काही जात नव्हतं पोटात, गोळीही बंद झाली होती. तरी गुरुवार आला की विचारायचे, 'आमटी केलीस का गं?' मागून घ्यायचे, हेमाताई. मला वाटायचं, बरं वाटतंय म्हणून मागतात."

हेमांगीला हुंदका आवरेना. वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी पेन मागून घेतलं, कागदावर बोट ठेवून यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाचली, आणि सही केली. सुवर्णा हणमंत पिसाळ. अक्षर नेहमीसारखंच गोल होतं.

"बाकीच्या घरी पण जाणार का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"जावं लागेल. त्यांचीही पोरं आहेत."

"जा," वहिनी म्हणाल्या. "पण बाईमाणूस घरात एकटी असताना सांगू नका. कुणीतरी जवळ असू दे."

सोमवारी शर्वरीनं पहिली गोळी घेतली. दिवसभर साबुदाण्याची पेज आणि दोन चिकू, एवढंच खाल्लं. कॅप्सूलचा आकडा सकाळी पाच होता आणि संध्याकाळीही पाचच राहिला. हेमांगीनं तो दहादा पाहिला, तरी तिला आनंद होईना.

मंगळवारी दुपारी हेमांगी वहिनींच्या घरी डोकावली. मंगळवारी सगळं चालत होतं. ओट्यावर भात, वरण, मटकीची उसळ झाकून ठेवली होती. शर्वरी कॉलेजातून आली, हातपाय धुऊन पाटावर बसली आणि ताट पुढे ओढून म्हणाली, "आई, वाढ गं. कालपासून भुकेली आहे."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि हात पदराला पुसले.

"हातानं घे, बाळा," असं म्हणून त्या अंगणात जाऊन बसल्या.